चेकनट

चेकनट परत सुटला होता.

रहमतुल्ला मिस्त्री गाडीखाली उताणा पडून त्याच्याकडे बघत राहिला. क्लचच्या दांडीवर दोन नट. एक दांडीची लांबी धरून ठेवतो, त्याच्या पाठीला पाठ लावलेला चेकनट त्याला हलू देत नाही. चेकनट ढिला पडला की पॅडल पोकळ होतं, क्लच पुरता सुटत नाही आणि गिअर करकरतो. गॅरेजात नवख्याला पहिल्यांदा शिकवतात ते हेच. आणि तीस वर्षं या धंद्यात मुरलेल्या उस्तादाला नेमकं हेच जमेना! त्याला स्वतःचीच लाज वाटत होती.

गाडी कोन गावच्या चांगदेवशेठची. मुळातली जुनी फियाट. टप कापून, बसकी करून, तिची दोन सीटांची उघडी रेसची गाडी केलेली, आणि पोटात भलतंच थोराड इंजिन. सगळ्या भिवंडीत तशी दुसरी नव्हती. क्लचची दांडी रहमतुल्लाने स्वतः वाकवून बसवलेली. इतकी वर्षं तिने हूं की चूं केलं नाही. आणि आताच काय धाड भरली?

इंजिन हादरतं म्हणून सुटतो, असं म्हणून त्याने इंजिनाखालची रबरं बदलली. मग आटे झिजले म्हणून नवी दांडी. मग नवे नट, नवे वायसर. दर वेळी दात-ओठ खाऊन आवळलं. गॅरेजच्या आसपास, कामतघरात, अजून सांगत, रहमतमियाने आवळलेला नट सोडवायचा तर पान्याला पाइप लावावा लागतो. तरी पंधरवडा जायचा नाही, गाडी दारात. इकडे बाकीची गिऱ्हाईकंही आटली होती. अय्यूब रिक्षावालासुद्धा हल्ली फिरकत नव्हता. नव्या मारुत्यांच्या गॅरेजवाल्यांनी पळवली सगळी, असं रहमतुल्ला म्हणायचा.

मागच्या जुम्म्याला तर कहर झाला. चांगदेवशेठ बायकोला, गोदूबाईला, घेऊन बाजारात निघाला होता. कल्याण नाक्यावर गिअर टाकला आणि क्लचवर पाय दाबलेला असतानाच गाडी उसळली, ती थेट सुताच्या हातगाडीवर. गोदूबाईंचा हात मनगटात मोडला. त्या दिवशी रहमतुल्लाने तो नट आवळला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. असा जीव लावून आयुष्यात काही आवळलं नव्हतं.

आणि आज आठवडाही न होता तोच नट बोटाने गरगर फिरत होता.

तो गाडीखालून बाहेर आला. चांगदेवशेठ खांबाला टेकून उभा होता. रहमतुल्लाने बाकावरचा चहाचा ग्लास उचलला, तो हातातून निसटून फुटला. तेलकट हात, दुसरं काय! सगळं बदलून झालं होतं. बदलायला आता राहिलं होतं काय?

"शेठ, राग मानू नका," तो म्हणाला. "हा नट आपोआप सुटत नाही. तुमच्या घरातलंच कुणीतरी सोडतंय."

चांगदेवशेठ खांबापासून सरळ झाला.

"गोदूचा हात गळ्यात बांधलाय, मिस्त्री," तो म्हणाला. "नि तू माझ्या घरावर येतोस? तुझा हात लागलाय म्हणून तो नट मी कधी वाकून बघितला न्हाय."

त्याने बरोबर आणलेल्या जीपला दोर बांधला आणि गाडी ओढत ठाण्याच्या दिशेने घेऊन गेला. गल्लीतले लोक दारात येऊन बघत होते. रहमतुल्लाने दिवस मावळायच्या आतच शटर ओढलं.

घरी आल्यावर त्याने पिंपाच्या नळावर हात धुतले आणि दिवसभराचा सगळा राग काढून नळ बंद केला. अगदी जीव खाऊन पिळला. मग भिंतीला टेकून बसला. आपलं नाव गेलं, एवढंच त्याच्या मनात फिरत होतं.

ठिप. ठिप. ठिप.

"वायसर परत गेला!" तो ओरडला. या नळाचा वायसर त्याने नुकताच बदलला होता.

त्याची बायको सफिया भाकऱ्या थापत होती. ती उठली. पिठाचा हात बाजूला धरून तिने दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी नळ फिरवला. चांगला अर्धा फेर फिरला. ठिबकणं थांबलं.

"वायसरला काय झालंय?" ती म्हणाली. "तुम्हीच रोज अर्धा उघडा ठेवता. किती दिवस झाले, मी बंद करतेय."

ती चुलीकडे वळली. रहमतुल्ला नळाकडे बघत बसला. मग त्याने उजव्या हाताची मूठ वळली. होता नव्हता तेवढा जोर लावून, दात-ओठ खाऊन वळली.

आणि डाव्या हाताच्या एका बोटाने ती उघडून पाहिली. उघडली.