लाडूची कात

लाडू कूलरच्या मागे सापडला. गवताच्या ताटीतून झिरपलेल्या पाण्यात तो वेटोळं करून पडला होता, आणि गोवर्धनराव पाच पावलांवर झाडायचा फडा धरून उभे होते.

"सापडला व!" ते ओरडले.

"मंग धरा त्याले," बेबीताई स्वयंपाकघरातूनच म्हणाल्या. बाहेर यायचा त्यांचा काही विचार नव्हता.

लाडू हा खुशीचा अजगर. खुशी ही कॉलेजसाठी वलगावला आजी-आजोबांकडे राहणारी नात. अजगर परदेशी, रीतसर कागदपत्रांचा, भ्याला की अंगाचा गोळा करणारा, म्हणून लाडू. दोन वर्षं तो घरात होता आणि दोन वर्षं गोवर्धनराव त्याच्या पेटीकडे पाठ करून जेवत होते.

खुशी मावशीकडे लग्नासाठी अकोल्याला गेली, त्याच्या आदल्या दिवशी आजोबा-नातीचं वाजलं होतं. "पुन्हा याचे उंदीर माह्या फ्रीजमंधी दिसले तर वावरातल्या घोनशींमंधी सोडून देईन त्याले," असं आजोबा बोलून गेले. तेव्हापासून ती बोलत नव्हती. फोनही उचलत नव्हती.

"जनावर हाये, उन्हात पाणी तरी ठेवा," म्हणून आज बेबीताईंनी त्यांना खोलीत पिटाळलं, तर चादरीखालची पेटी रिकामी. गोवर्धनरावांनी घरभर शोधलं. आता पोरीला काय सांगायचं? आबांनी सोडला, असंच ती धरून चालणार. जन्मभर.

म्हणून तो सापडल्याचा आनंद मोठा होता. पण टिकला नाही. लाडूचं अंग राख फासल्यासारखं झालं होतं, ओठाजवळ कातडी फाटून लोंबत होती. पेटीवर अकोल्याच्या फरदीनचा नंबर चिकटवलेला होता. त्याचं पाळीव प्राण्यांचं दुकान होतं. गोवर्धनरावांनी तो फिरवला.

"कात टाकून राह्यला तो, आबा. डोळे दुधाळ दिसतात काय?"

"मोतीबिंदूवानी."

"मंग त्याले दिसत नसंल सध्या. या उन्हात कात अडकते. ओढू मात्र नका, खालची कवळी कातडी सोलून निंगंल. ओल्या पोत्यात ठेवा, तो आपला आपण घासून काढते. फोटो टाका न एक."

"बटनाचा फोन हाये माहा. अन् बापू, खुशीले सांगू नको."

"नाही सांगत. फुसफुस करते काय?"

"ट्यूब पंक्चर झाल्यावानी."

"चिडचिड होते अशात. तुमची दाढ दुखली तर तुमी गाणं म्हनता काय? काही करत नाही तो, आबा. लेकरू हाये."

लेकराला फड्यानं सुपडीत आणि सुपडीतून आंघोळीच्या टबात ढकलताना गोवर्धनरावांचा सदरा भिजला. वर ओलं पोतं टाकलं. कूलरचं तोंड टबाकडे फिरवलं.

"चाळीस वर्षांत माह्याकडे नाही फिरवला कधी," बेबीताई म्हणाल्या.

"तू कात टाकली काय कधी?"

ते दर थोड्या वेळानं पोत्यावर पाणी शिंपडू लागले. मग स्टूल आणून जवळच बसू लागले. मग संत्र्याचा भाव, मोर्शीचे व्याही, गुडघे, असं काहीबाही त्याला सांगू लागले. पोत्याखालून उत्तर यायचं, ते नेहमी फुसफुशीतच. पण व्याह्यांपेक्षा त्यात आपुलकी जास्त आहे, असं त्यांना वाटू लागलं.

एका सकाळी पोतं उचललं तर उलट्या मोज्यासारखी कात बाजूला पडली होती. फक्त शेपटीच्या टोकाला एक कडं उरलं होतं.

"ते राह्यलं तर रक्त अडते, शेपूट सडते," फरदीन म्हणाला. "ओल्या कापसानं तुमालेच काढा लागंल."

जन्मात कधी सापाला बोट न लावलेल्या माणसानं शेपूट डाव्या तळहातावर घेतलं. लाडूनं मान वळवून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"झालं रे बाबू, झालं," गोवर्धनराव म्हणाले आणि कापूस फिरवला. कडं सुटलं.

तेव्हा कुठे त्यांनी त्याला नीट पाहिलं. तपकिरी अंगावर काळ्या काठाच्या ठिपक्यांची साखळी, जशी सराफानं आत्ताच ओवली. एवढं देखणं जनावर घरात असून आपण दोन वर्षं पाठ फिरवून जेवलो, याची त्यांना लाज वाटली.

दुपारी फाटक वाजलं. खुशी आली, पण दारातच थबकली. आबा टबाशेजारी जमिनीवर बसले होते, एक हात टबात.

"ये व माय," ते म्हणाले. "मी बोललो ते चुकलं माहं. पाय, तुह्या लाडूची कात काढली म्या. या हातानं."

पोरीनं टबाकडे पाहिलंच नाही. तिचे डोळे भरून आले होते.

"चुकलं तर माहं, आबा," ती म्हणाली. "तुमी सोडून द्यान असं वाटलं मले. म्हनून चोरून नेला."

तिनं खांद्यावरच्या पिशवीची चेन उघडली आणि लाडूनं डोकं बाहेर काढलं.