गच्चीवरचे टोमॅटो

“गच्चीवर जाऊ नकोस! बाजूला बसलीयेस तू. शिवलीस तर टोमॅटो करपतील,” सासूबाईंनी बजावलं.

मागच्या उन्हाळ्यात कुंदाने ऐकलं होतं. घरात दुसरं कुणी जिना चढत नव्हतं. अकोल्याच्या उन्हात पाण्यावाचून बादल्यांमधल्या रोपांच्या काड्या झाल्या. “शिवली असशील!” ही बोलणी वेगळीच.

यंदा ती पाळीतही गुपचूप वर गेली. पाणी घातलं. फळ धरावं म्हणून फुलांना हलक्या टिचक्या मारल्या.

नणंदेच्या सासरचे जेवायला आले, त्या दिवशी कुंदा पुन्हा बाजूलाच, दाराबाहेर बसलेली. पाहुण्यांनी टोमॅटोची कोशिंबीर पुन्हा मागितली.

“घरचे टोमॅटो,” सासूबाई फुलून म्हणाल्या. “आमच्याकडे विटाळ कडक पाळतात, म्हणून झाडांना असं येतं.”

“तुम्हाला वाटतं तसे मी बाजूला बसण्याआधी, काल तोडलेले नाहीत ते, आई,” कुंदा म्हणाली. “आज सकाळी मीच तोडून टोपलीत टाकलेत. पाणीही मीच घालते. या दिवसांतसुद्धा.”

कुंदा उठली, उंबरा ओलांडून आत आली. तिने कोशिंबिरीचं पातेलं उचललं.

“हं, कुणाला वाढू?”