घरातली सगळी माणसं

"आई, एवढंच म्हण, चार दिवस पाहुणी म्हणून आले होते." मुलानं चेनवाल्या मावशींना सकाळपासून तिसऱ्यांदा बजावलं.

"मी खोटं बोलणार नाही आणि काम अडूही देणार नाही," मावशी म्हणाल्या. "तू फक्त मध्ये तोंड घालू नकोस."

मुलाच्या दिवाणखान्यात त्या ऐसपैस बसल्या होत्या. उजव्या अंगठ्याला हे भलंमोठं बँडेज. बाजाराच्या कोपऱ्यावर स्टूल टाकून त्यांनी उभा जन्म बॅगा दुरुस्त करण्यात घालवला होता. अडकलेली चेन, तुटलेला पट्टा, निखळलेलं चाक, काहीही आणा, मावशींचा अंगठा त्याला वठणीवर आणायचा. आता तो अंगठाच वाकत नव्हता. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, लवकर ऑपरेशन केलं तर पुन्हा चालेल, नाहीतर कायमचा काठीसारखा राहील.

त्या अंगठ्याला चावलेला कुत्रा मुलाचाच. मुलानं घराबरोबर त्याचाही विमा उतरवलेला. ऑपरेशनचा सगळा खर्च कंपनी देणार होती, पण अट एकच. कुत्रा ज्याला चावला ते माणूस घरातलं नको.

शेजारणी कुजबुजल्या होत्याच, "आपलेच दात, आपलेच ओठ. कशाला नुकसानभरपाई मागत बसायची?"

"दात कुत्र्याचे होते आणि अंगठा माझा," मावशींनी ऐकवलं होतं. "ओठांचा इथे संबंधच नाही."

विमा कंपनीची तपासनीस आली. चष्मा लावलेली, तरुण, कामाला चोख दिसत होती. कुत्र्याला न्हाणीघरात कोंडलं होतं, तिथून तो परकं माणूस आल्याची वर्दी देत होता. सुनेनं चहा ठेवला आणि ती दाराशी उभी राहिली.

"आजी, कसं झालं ते सांगा."

"नातवाच्या दप्तराची चेन बसवली होती. ते द्यायला आले. एरवी मी बेल वाजवते, मग सून कुत्र्याला बांधते आणि दार उघडते. त्या दिवशी वीज गेलेली, बेल वाजेना. दार नुसतं लोटलेलं होतं. म्हटलं, पोराला शाळेला उशीर होईल. आत पाऊल टाकलं आणि आला की अंगावर!"

"राहता कुठे तुम्ही?"

"इथेच, मागच्या खोलीत. हे गेले तेव्हापासून. सहा वर्षं झाली. माझा गॅस वेगळा, दार वेगळं."

मुलानं कपाळावर हात मारला. एवढं घोकून घेतलं ते सगळं पाण्यात गेलं!

तपासनीस बाईंनी पेनाला टोपण लावलं. "मग अवघड आहे, आजी. एका आवारात राहता, सख्ख्या आई आहात. तुम्ही घरातल्याच झालात."

मावशींच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. "घाई करू नकोस, पोरी. आधी याला विचार, कुत्रा घरातल्या कुणाला कधी चावलाय का?"

"ते विचारणारच होते," तपासनीस बाई मुलाकडे वळल्या. "घरच्यांनाही चावत असेल, तर कुत्रा चावराच म्हणायचा."

मुलाला ते झोंबलं. कुत्र्याला नाव ठेवलेलं त्याला मुळीच खपायचं नाही.

"चावरा? अहो, काहीतरीच काय! घरच्या माणसावर तो साधा गुरगुरत नाही. घरी आणला त्याच दिवशी शिकवणाऱ्याला बोलावलं होतं मी. त्याची पद्धतच आहे. घरातली सगळी माणसं अंगणात ओळीनं उभी करायची. एकेकानं त्याला हातावरून खायला घालायचं, अंगाचा वास घेऊ द्यायचा. मग ती माणसं त्याची झाली, बाकी सगळे परके. मी होतो, ही होती, पोरगा होता. मेहुणा सुट्टीला आलेला, त्यालाही उभं केलं. भांडी घासणाऱ्या बाईंनाही हाक मारून आणलं. शिकवणाऱ्यानं दोनदा विचारलं, सगळे आले ना? कुणी राहिलं असेल तर आत्ताच सांगा, मागाहून पंचाईत होईल. मी म्हटलं, सगळे..."

तो थांबला. सून जमिनीकडे बघत राहिली.

तपासनीस बाईंनी टोपण पुन्हा काढलं. या वेळी त्यांचा आवाज जरा खाली आला. "आजी, तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"खोलीत. माझी खिडकी अंगणावरच उघडते. हातात कुणाची तरी बॅग होती. ती बाजूला ठेवली आणि पदर सारखा करून बसले. म्हटलं, आता बोलावतील." बॅग उद्या मिळेल असं गिऱ्हाइकाला सांगावं, तशा सुरात त्या बोलल्या.

तपासनीस बाई बराच वेळ लिहीत राहिल्या. मग उठल्या. चहा तसाच राहिला होता.

"काम होईल तुमचं, आजी. मी तसाच अहवाल देते. तुम्ही घरातल्यांत मोडत नाही."

हेच वाक्य ऐकायला मुलगा सकाळपासून उतावीळ झाला होता. आता त्याच्यानं मान वर होईना. "आई..." एवढंच तो म्हणाला.

मावशी डाव्या हाताचा आधार घेत उठल्या. मुलाजवळ जाऊन त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

"अरे, तुला हवं होतं तेच झालं ना? मग आता तोंड का पाडलंस?"