आपलं आणि आमचं

“यल्ला आजी, चल, ऐक.” मिहिकाने लॅपटॉप मनोरमाबाईंपुढे सरकवला. उद्या युनिव्हर्सिटीत तिचं प्रेझेंटेशन होतं आणि ऐकायला घरात दुसरं कोणी नव्हतं. मनोरमाबाई मेथी निवडत होत्या.

“मेक्सिकोत झापोटेक म्हणून लँग्वेज आहे. त्यात नुसतं ‘हँड’ म्हणता येत नाही. माय हँड, युअर हँड, असंच. ‘मदर’चं पण सेम. ती कुणाची तरी असायलाच लागते.”

“शहाणी माणसं दिसतात.”

“आणि इंग्लिशमध्ये एकच ‘अवर’. त्यांच्यात दोन. एकात समोरचा माणूस इन, दुसऱ्यात आउट.”

“मग त्यात नवल काय? आपलं आणि आमचं.”

मिहिका थबकली. “ते सेम नाही?”

“सेम कसं? सकाळी मला म्हणालीस, ‘आजी, आमच्या किचनमध्ये गॅस नाही, इलेक्ट्रिक आहे.’ मला सांगताना ‘आपल्या’ म्हणायचं. नाहीतर मी पाहुणी झाले की गं.”

“ओके, सॉरी. आपलं किचन, आपली मेथी, आपली आजी. खलास?”

“खलास,” म्हणत मनोरमाबाई हसल्या. पुष्कळ दिवसांनी हसल्या. गावचं घर विकून त्या शारजाला आल्या होत्या, आणि त्यांना इथेच ठेवून घेण्याच्या व्हिसाचं आज त्यांचा मुलगा शिरीष बघून येणार होता.

तो आला. बूट काढले, उभ्यानेच पाणी प्यायला.

“झालं का रे व्हिसाचं?”

शिरीषने मोबाइल टेबलावर पालथा ठेवला. “व्हिसा मिळेल गं आई. पण मी काय म्हणतो, नाशिकला एक चांगला आश्रम आहे. डॉक्टर असतात, तुझ्या वयाच्या बायका असतात. पुढच्या आठवड्यात मीच येतो सोडायला. आमच्या घरात तुझे हालच होतील.”

मेथीची काडी मनोरमाबाईंच्या बोटांत तशीच राहिली.

“बाबा, राँग,” मिहिका म्हणाली. “आजी समोर आहे ना? मग ‘आपल्या’ म्हणायचं.”

मनोरमाबाईंनी काडीची पानं खुडून पातेल्यात टाकली.

“त्याचं चुकलं नाही बाळा,” त्या म्हणाल्या. “त्याला मराठी मी शिकवलंय.”