शेवटचं मार्शलार्क

"विकायचं नाही म्हटलं ना," विनी लार्टर म्हणाली आणि केकची बशी पुढे सरकवली. "खा आणि गुमान घरी जा."

अँब्रोजचं लक्ष केकवर नव्हतंच. तो कपाटाच्या वर बघत होता. तिथे मेणकापडात गुंडाळलेलं मार्शलार्क होतं.

धातू हुडकायची यंत्रं हल्ली ढिगानं मिळतात, मार्शलार्क मिळत नाही. कंपनी पंचवीस वर्षांपूर्वीच बसली, तोवर जेमतेम दीडशे यंत्रं निघाली होती. दिसायला बेंगरूळ आणि उचलायला जड. पण बाकीची यंत्रं जमिनीत वीतभर ऐकतात, तिथं हे नांगराच्याही खालचं, हातभर खोलवरचं ऐकायचं. नॉरफक परगण्यातली सहा अँब्रोजनं एकेक करून विकत घेतली होती. "म्हाताऱ्यानं लग्न केलं नाही, यंत्रांचा जनानखाना पाळलाय," असं यंत्रवाल्यांच्या क्लबात म्हणायचे. तो जनानखाना त्यानं कधी कुणाला दाखवला नाही. हौशी माणसाचं असंच असतं, म्हणून कुणी विचारलंही नाही.

सातवं आणि शेवटचं विनीकडे होतं. ते तिच्या नवऱ्याचं, सिरिलचं.

सिरिल आणि अँब्रोज जोडीनं रानं धुंडाळायचे, सापडेल ते निम्मं-निम्मं. बावीस वर्षांपूर्वी एका सकाळी सिरिल घरातून गेला तो गेलाच. त्याच आठवड्यात पबमधली एक बाईही गाव सोडून गेली. लोकांना बोलायला तेवढं पुरे झालं. पुढं अँब्रोज एकटाच फिरू लागला. त्याच साली त्याला चांदीचं रोमन ताट सापडलं आणि त्याचं नाव झालं.

"मी चांगली किंमत देतो, विनी."

"तुझी किंमत घाल चुलीत. रविवारी मलाच लागणार आहे ते."

"तुला? कशाला?"

"चक्कीमागचं बीटाचं वावर नव्या मालकानं क्लबाला उघडलंय ना. जुना म्हातारा मरेपर्यंत कुणाला पाऊल टाकू देईना. सिरिलचा केवढा जीव त्या वावरावर. त्याचं यंत्र घेऊन मी चालणार तिथं. नवे सेलसुद्धा घातलेत."

"तुझे गुडघे बघ आधी."

"माझे गुडघे मी बघीन. तू चहा पी."

अँब्रोज चहा प्यायला. आज बुधवार होता. रविवारच्या आत यंत्र हातात आलं नाही तर संपलंच, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. वावर नांगरून तयार, आत कुणाचं पाऊल पडलेलं नाही आणि हिच्या हातात मार्शलार्क. तीन रात्री त्याच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

"सिरिलला जाऊन बावीस वर्षं झाली," तो म्हणाला. "कुणासाठी जपतेस?"

विनी हसली. "मला सोडून गेला, ते एक वेळ ठीक. मी काय, रोजचीच. पण मार्शलार्क सोडून राहील होय तो? ते न्यायला तरी येईल एक दिवस. दारातच उभा करून चार शब्द ऐकवीन मेल्याला. मग चहा देईन."

अँब्रोजनं कप खाली ठेवला.

"तुला सांगणार नव्हतो, विनी. मागच्या महिन्यात लोस्टॉफ्टला गेलो होतो. तिथं सिरिल दिसला."

विनीचा हात बशीवरच राहिला. "एकटाच?"

"ती होती बरोबर. आणि सात-आठ वर्षांची एक पोर. आजोबा म्हणत होती त्याला."

"बोललास?"

"बोललो."

"माझं काही विचारलं?"

"नाही. मीच यंत्राचा विषय काढला. म्हणाला, त्या डबड्याचं काय घेऊन बसलीय, भंगारात दे म्हणावं."

लोस्टॉफ्टला अँब्रोज दहा वर्षांत फिरकला नव्हता. एका यंत्रापायी म्हातारीच्या काळजावर असा घाव घालायला माणसाचं मन किती निबर लागतं, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

विनी उठली. स्टूल ओढून त्यावर चढली, यंत्र खाली काढलं आणि टेबलावर ठेवलं.

"ने."

"पैसे घे तरी."

"भंगाराचे पैसे मी घेत नाही, अँब्रोज."

बावीस वर्षं दारामागच्या खुंटीवर असलेली सिरिलची टोपी तिनं काढली आणि चुलीत टाकली. मग त्याच्याकडे पाठ करून कप विसळत राहिली. ती रडत होती, पण आवाज होऊ देत नव्हती.

घरी आल्यावर अँब्रोजनं शेडचं दार आतून लावलं. मेणकापड सोडलं, यंत्र पुसलं, बटण दाबून एका नाण्यावरून फिरवलं. पाखरासारखं टूं वाजलं. यंत्र अजून ठणठणीत होतं.

मग त्यानं हातोडा घेतला आणि आधीच्या सहांचं केलं होतं तसं त्याचंही भुस्कट केलं.

रविवारी बीटाच्या वावरात क्लबचे एकतीस जण उतरले. अँब्रोज सगळ्यांच्या पुढे होता. विनीही आली होती, बांधावर बसून सगळ्यांना चहा ओतत होती. दुपारपर्यंत एकतिसांची यंत्रं हातभर खोल गाडलेल्या सिरिल लार्टरच्या पट्ट्याच्या पितळी बकलावरून फिरून गेली, आणि एकाच्याही कानात टूं झालं नाही.