झाड काय खातं

झाडावर आता एकच पेरू उरला होता, आणि तोही पाखराने टोचलेला. मास्तरांच्या बायकोने तो उतरवून चार फोडी केल्या. तीन खाल्ल्या. चौथी हातात धरून ती ताटासमोर बसली. ताटातल्या भाताकडे, पालेभाजीकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही.

मुलाला जाऊन तीन महिने झाले होते. त्याची राख परसातल्या पेरूखाली पुरली आणि तिची अन्नावरची वासनाच उडाली. पहिला पेरू पिकला तेव्हा मास्तरांनीच तो तिच्या हातात ठेवला. "खा, त्याच्या झाडाचा आहे." तिने खाल्ला. मग तेवढंच खात राहिली. मुलगा मातीतून झाडात आणि झाडातून फळात आला, असं तिने मनाशी धरलं.

मास्तर शाळेत जीवशास्त्र शिकवायचे. झाड मातीतून अन्न घेतं, असं लिहिणाऱ्याला त्यांनी तीस वर्षं भोपळा दिला होता. घरात मात्र त्यांनी ब्र काढला नाही. ते स्वतः दोन्ही वेळा पोटभर जेवत. लोक म्हणत, माणूस खंबीर आहे. आज डॉक्टरांनी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, आणखी आठवडाभर असंच चाललं तर बाईंचं काही खरं नाही.

"आता पुढच्या बहरापर्यंत तो नाही," ती म्हणाली.

मास्तरांनी हातातला घास ताटात ठेवला. "अगं, झाड माती खात नाही. मातीतून पाणी आणि चिमूटभर क्षार, बस. बाकी सगळं पानं करतात, हवेतून, उन्हाच्या जोरावर." वर्गात बोलावं तसं ते बोलत होते, फक्त मान खाली घालून. "आपण त्याला दाहिनीत ठेवलं. तो तेव्हाच धूर होऊन हवेत गेला. हवा काय एकट्या पेरूची असते? ही भाजी महिन्याभरात वाढलेली. तो पेरूत असेल, तर हिच्यातही आहे."

तिने हातातल्या फोडीकडे पाहिलं, मग ताटातल्या भाजीकडे. मास्तरांना भीती वाटली, आता ही पाणीसुद्धा सोडते की काय?

तिने फोड बाजूला ठेवली. ताट पुढे ओढलं, भाजीभात कालवला आणि एक घास खाल्ला. दुसरा घास घेतला. तिसरा.

मास्तरांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि आपला घास उचलला. तो ओठांपर्यंत गेला आणि तिथेच थांबला. आपण काय बोललो, ते त्यांना आत्ता ऐकू आलं. काही केल्या तोंड उघडेना.

"जेवा ना," ती म्हणाली. "तुम्हीच तर सांगितलंत, तो आहे यात."