निळ्या पडद्याचा प्रश्न

राजेश्वरीबाईंचं पत्र गणपतीआधी आलं होतं. आता दिवाळी तोंडावर आली, तरी सुहासरावांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. कोपरगावच्या शाळेतून निवृत्त झालेल्या या बाईंशी पुस्तकांच्या देवाणघेवाणीतून त्यांची ओळख. पत्रात बाईंनी पाल्हाळ लावलं नव्हतं. ‘तुमच्याकडे पुस्तकं फार, माझ्याकडे कपाटं रिकामी. दोघंही एकटे. लग्न करायचं का? उत्तर नाही आलं, तर दिवाळीनंतर मी मुलाकडे बंगळुरूला कायमची जाईन.’

उत्तर ई-मेलनेच द्यायचं, असं सुहासरावांनी ठरवून टाकलं होतं. हाताने लिहिलं की खाडाखोड फार होते. पण ई-मेल जाणार कसा? कुठल्याशा पुस्तकात वाचून त्यांनी लॅपटॉपवर विंडोज काढून लिनक्स टाकलं, तेव्हापासून त्याचं वायफाय कार्ड मुकं झालं होतं. ते कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हर, लोडच होत नव्हता. त्याला आपण काय करणार, असं ते रोज मनाशी म्हणत आणि रोज थोडे सुखावत.

त्यांची जुनी विद्यार्थिनी प्रज्ञा त्यांच्याच गावात, श्रीगोंद्यात, कॉम्प्युटर दुरुस्त करायची. दोनदा तिने पेनड्राइव्हवरून ड्रायव्हर टाकून दिला, रिस्टार्ट करायला सांगितलं आणि दुकानात गिऱ्हाइकं खोळंबलीत म्हणून पळाली. दोन्ही वेळा तिच्या माघारी काही जमलं नाही. आज तिसऱ्यांदा ड्रायव्हर टाकून तिने स्टूल ओढलं.

“आज मी हलत नाही. करा रिस्टार्ट माझ्यासमोर.”

पडदा काळा झाला, मग निळा. त्यावर इंग्रजी ओळी उमटल्या. सुहासरावांनी हात उचलून मांडीवर ठेवले आणि पूजेला बसावं तसे स्वस्थ बसले. जरा वेळाने निळा पडदा गेला, लॅपटॉप सुरू झाला. वायफायचा पत्ता नाही.

“सर! बटण का नाही दाबलं?”

“थोडं थांबलं की तो आपोआप जातो.”

“जातो, पण तो तुम्हाला विचारत होता! ‘हा ड्रायव्हर ओळखीचा नाही, याच्यावर भरवसा ठेवू का?’ मी सांगून गेले होते, पडदा आला की हो म्हणा.”

“सांगितलं होतंस खरं. पण भरवसा ठेवायचा म्हणजे... मी कोण ठरवणारा? वाटलं, त्याचं तो बघून घेईल.”

प्रज्ञाने कपाळावर हात मारला. “घरात तुमच्याशिवाय आहे कोण, सर? तो दहा सेकंद वाट बघतो. उत्तर आलं नाही की ‘नाही’ समजतो आणि प्रश्नच पुसून टाकतो.”

सुहासरावांचा चेहरा उतरला. “पुसून टाकतो?”

“मग काय! मला परत पहिल्यापासून सगळं करावं लागतं, तेव्हा कुठे तो पुन्हा विचारतो. मी येते हो. पण दरवेळी कोण येणार?”

तिने पुन्हा ड्रायव्हर टाकला. पुन्हा निळा पडदा आला. या वेळी सुहासरावांनी बटण असं दाबलं, की टेबलावरचा चहा हिंदकळला. पुढच्या प्रश्नाला ‘हो’. तिने सांगितलेला पासवर्ड. परत रिस्टार्ट. आणि कोपऱ्यात वायफायचं चिन्ह उमटलं.

“घ्या! आता करा काय तो तुमचा मेल.”

सुहासरावांनी मेल उघडला. समोर कोरा चौकोन. आपण लिहू, पुसू, पुन्हा लिहू. दिवाळी निघून जाईल. स्वतःला ते पुरते ओळखून होते. त्यांनी लॅपटॉप मिटला, खणातून एक पोस्टकार्ड काढलं आणि लिहिलं, ‘हो. कपाटं पुसायला मी येतो.’

“अहो सर, मग मी एवढी खटपट कशाला केली?” प्रज्ञा ओरडत होती, तोवर ते चपला सरकवून बाहेरही पडले.

दारासमोरच्या लाल पेटीत त्यांनी पोस्टकार्ड टाकलं. त्या पेटीला ड्रायव्हर कधीच लागत नव्हता.